बाबांना संत करायची घाई

या वेळचं पत्र लांब आहे. थोडं कापून देते. ज्यांना हे शब्द नवे आहेत त्यांच्यासाठी: मिस्सा म्हणजे कॅथलिक चर्चमधली मुख्य उपासना, रोझरी म्हणजे प्रार्थनेची जपमाळ.

"ताई, बाबांना जाऊन तीन आठवडे झाले. वय 84. अंथरुणाला खिळेपर्यंत रोजची मिस्सा आणि रोजची रोझरी. तिसाव्या दिवसाच्या मिस्सेत घरच्यांपैकी कोणीतरी दोन शब्द बोलायचे ठरलं आणि ते माझ्या गळ्यात पडलं, कारण मी शाळेत शिकवते, मला बोलता येतं म्हणे. भावाने मजकूरही लिहून पाठवला. त्यात बाबा 'संतासारखे' आहेत आणि 'त्यांनी आयुष्यात कोणाचं मन दुखावलं नाही'. ताई, मी ख्रिस्ती नसलेल्या माणसाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं तेव्हा बाबा आले नाहीत. पुढे तीन वर्षं बोलले नाहीत. माझा मुलगा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी आले, खुर्चीत बसले, बाळाला मांडीवर घेतलं आणि दोन तास खाली ठेवलंच नाही. त्या तीन वर्षांबद्दल नंतर चकार शब्द नाही. माफी तर नाहीच. पण माझ्या मुलाला त्यांच्यासारखा दोस्त दुसरा नव्हता. मी स्वतः वीस वर्षं चर्चला जात नाही. तिथे उभी राहून त्यांच्या श्रद्धेबद्दल बोलले तर ते ढोंग नाही का?

त्यांच्या रोझरीतला एक मणी तुटला होता. त्या जागी त्यांनी शर्टाचं बटण ओवलं होतं. मला सारखं ते बटणच आठवतं. भाऊ म्हणतो, असलं काही सांगू नकोस, लोक हसतील.

आणखी एक. शेवटच्या आठवड्यात बाबा काहीतरी पुटपुटायचे. आम्हाला वाटलं, तापात बरळताहेत. माझ्या मुलाने ते ऐकून वहीत लिहून ठेवलंय: 'आद देऊम की लेती फिका यूवेन तूते मेआ.' कोणालाच काही कळलं नाही."

तू मला ताई म्हटलंस, म्हणून मीही सरळ एकेरीवर येते. वहीतल्या ओळीकडे शेवटी वळू. ती बरळ नव्हती एवढंच आत्ता सांगते.

आधी भावाचा मजकूर. एखाद्याला संत ठरवण्याचं काम सुरू करायलाही कॅथलिक धर्मसभेत माणूस गेल्यावर पाच वर्षं थांबावं लागतं. मग साक्षी, कागदपत्रं, आणि सर्वसाधारणपणे त्याच्या मध्यस्थीने झालेला एक चमत्कार धन्यवादित (म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी) ठरवण्यासाठी, दुसरा संतपदासाठी. तुझ्या भावाने तिसऱ्या आठवड्यातच सगळं उरकलं! मी त्याची थट्टा करत नाही. (थोडी करतेय.) बाप गेल्यावर माणूस असंच काहीतरी करतो. कोणी सगळी कपाटं आवरून टाकतो, कोणी बापाला आवरून टाकतो. सुरकुती राहू देत नाही.

पण गंमत बघ. त्याला वाटतंय की तो चर्चला शोभेलसं बोलतोय, आणि चर्चचं म्हणणं नेमकं उलटं आहे. अंत्यविधीच्या मिस्सेत प्रवचन असावं, मात्र मृताचं गुणगान नको, असं मिस्साविधीच्या रोमन नियमांत स्पष्ट लिहिलेलं आहे. बऱ्याच लोकांना हे कोरडं वाटतं. मलाही माझ्या वडिलांच्या वेळी वाटलं होतं. फादर पुनरुत्थानाबद्दल बोलत राहिले आणि मी मनात म्हणत होते, अहो, आमच्या पप्पांबद्दल बोला ना काहीतरी. कारण नंतर उमजलं. ती मिस्सा मेलेल्या माणसाचा सत्कार करण्यासाठी नसतेच, त्याच्यासाठी प्रार्थना करायला असते. आणि प्रार्थना त्याच्यासाठी करायची, ज्याला दयेची गरज आहे. ज्याने आयुष्यात कोणाचं मन दुखावलं नाही त्याच्यासाठी तिसाव्या दिवशी मिस्सा कशाला हवी? चर्चला तुझे बाबा अपुरे, चुकलेले आणि तरीही आपले, असेच अपेक्षित आहेत. शवपेटीवर बाप्तिस्म्याची आठवण म्हणून पांढरं वस्त्र घालतात. ते न्यायाधीशाला असो की हमालाला, सारखंच असतं. खाली काय काय झाकलं आहे ते देवाला ठाऊक आहे, अशी त्यातली समजूत.

म्हणजे तुझ्या पत्रातली ती तीन वर्षं तुझ्या बाबांच्या श्रद्धेला बट्टा लावत नाहीत. ज्यासाठी सगळे गुडघे टेकणार आहेत, त्यातच ती येतात.

भावाला पटत नसेल तर त्याला संत ऑगस्टीनची गोष्ट सांग. त्याची आई मोनिका 387 साली रोमजवळच्या ओस्तिया बंदरात वारली. जाण्यापूर्वी तिने मुलांना सांगितलं होतं की हे शरीर कुठेही पुरा, त्याची काळजी करू नका, फक्त जिथे असाल तिथे देवाच्या वेदीपाशी माझी आठवण ठेवा. दहाएक वर्षांनी ऑगस्टीन आपल्या आयुष्याबद्दल लिहायला बसला. तेव्हा तो बिशप होता, आणि आईवर त्याचा किती जीव होता ते पानापानावर दिसतं. तरी त्याने काय लिहून ठेवावं? आई लहान असताना पिंपातून वाइन आणायला जायची आणि तिथेच चोरून घोट घ्यायची. आधी नुसते ओठ ओले, मग पेलाच्या पेला. शेवटी एका दासीने तिला तोंडावर बेवडी म्हटलं, तेव्हा ती सवय सुटली. हे एका बिशपने स्वतःच्या आईबद्दल सांगितलंय! बापाचा तापटपणा आणि बाहेरख्यालीपणाही त्याने लपवला नाही. आणि एवढं सांगून झाल्यावर वाचणाऱ्यांना विनवलं की माझ्या आईबापांची वेदीपाशी आठवण ठेवा. मोनिका पुढे संत म्हणून मानली गेली. त्या वाइनमुळे तिचं काही अडलं नाही.

आता तुझी खरी अडचण. ढोंगाची.

तुला विश्वास नसेल तर नाही. तिसाव्या दिवशी तो उसना आणू नकोस, आणि नाही हे जाहीरही करू नकोस. ती जागा तुझ्याबद्दल बोलायची नाही. यावर एक साधा, व्याकरणातला उपाय आहे, तुला शिक्षिकेला तो लगेच कळेल. प्रत्येक वाक्यात कर्ता बाबांना ठेव. "बाबा आता येशूजवळ आहेत" हे तू म्हणू शकत नाहीस, तुझा घसा दाटेल तो वेगळ्याच कारणाने. पण "आपण कुठे जाणार याबद्दल बाबांना शंका नव्हती" हे तू शपथेवर सांगू शकतेस, कारण ते तू डोळ्यांनी पाहिलंस. "रोझरीत फार शक्ती आहे" हे तुझं वाक्य नाही. "आमच्याकडे कोणी आजारी पडलं की बाबा औषध आणायच्या आधी रोझरी हातात घ्यायचे आणि औषध आणताना ती खिशात असायची", असं काही घडलं असेल तर ते तुझं. साक्षीदाराने पाहिलेलं सांगायचं असतं. साक्षीदार श्रद्धाळू असलाच पाहिजे असं कुठे आहे? उलट मी बाकावर बसलेली असते तर भाविक मुलापेक्षा चर्चला न जाणाऱ्या मुलीने बापाच्या भक्तीबद्दल सांगितलेलं जास्त कान देऊन ऐकलं असतं.

ख्रिस्तप्रसादाच्या वेळी, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर घ्यायला, सगळे उठतील आणि तू बसून राहशील, याची धास्ती तू पत्रात लिहिली नाहीस, पण ती असणार. बसून राहा. तुझे बाबा ज्या पिढीचे, त्या पिढीला रांगेत न उठणारा माणूस नवा नव्हता. त्यांच्या लहानपणी आदल्या मध्यरात्रीपासून कडक उपास असायचा आणि पाण्याचा घोट घेतला तरी ख्रिस्तप्रसाद घेता येत नसे. पाण्याची मुभा 1953 मध्ये मिळाली आणि उपास तासाभरावर आला तो 1964 मध्ये. कोणी तहान लागली म्हणून बसून राहायचं, कोणी पापांचा कबुलीजबाब राहिलाय म्हणून. कोण का बसलं हे विचारायची रीत नव्हती.

मग बोलायचं काय? बटण. तुला सारखं तेच आठवतं म्हणतेस, तेव्हा तेच. लोक हसतील हे भावाचं म्हणणं खरं आहे, आणि हसू देत. पाच दशकांची रोझरी म्हणजे दहा-दहा मण्यांचे पाच गट, बाकीचे सुटे मणी धरून एकूण 59. त्यातले 58 ठीक आणि एकाच जागी शर्टाचं बटण. नवी रोझरी घेणं काय अवघड होतं? पण ते वस्तू टाकणारे नव्हते, आणि प्रार्थनेचं साधन देखणं असावं असंही त्यांना वाटत नव्हतं, हे त्या एका बटणाने सांगून टाकलं. "ते साधे होते, काटकसरी होते, देवभोळे होते" या तीन विशेषणांनी ते होणार नाही. मुलाला विचार, त्याच्या बोटांना ते बटण कधी लागायचं. रोझरीला आजोबांजवळ बसलेल्या मुलाला ते नक्की माहीत असतं. कोणत्या दशकात ते येतं आणि ते आलं की अजून किती उरलं, याचा हिशेब मुलं पक्का ठेवतात. मी ठेवायची. आमच्या घरी मणी शाबूत होते, पण चौथ्या रहस्याला, म्हणजे चौथ्या दशकाला, आजी पेंगायची, तोच आमचा मैलाचा दगड.

तर बटणापासून सुरू कर. तिथून त्या खुर्चीवर ये, जिथे ते दोन तास बाळाला घेऊन बसले. आणि मधली तीन वर्षं? एका वाक्यात सांग. "माझं आणि बाबांचं एकदा फार बिनसलं होतं, तीन वर्षं आम्ही बोललो नाही." एवढंच. कशावरून ते नको, कोणाचं चुकलं ते नको. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे, ज्यांना नाही त्यांना तपशील द्यायची ती जागा नव्हे. पुढच्याच वाक्यात बाळ. त्यांनी माफी मागितली नाही हे सांगू नकोस, आणि मागितल्यासारखं भासवूही नकोस. दोन तास बाळ मांडीवर होतं. काय ते लोक समजतील. मात्र हे वाक्य आधी नवऱ्याला वाचून दाखव. त्या तीन वर्षांत नाकारला गेला तो तोही. त्याने नको म्हटलं तर काढून टाक, वाद घालू नकोस.

नवऱ्यावरून आठवलं. तुझ्या बाबांच्या बाजूने बोलते असं समजू नकोस, पण ते कशात वाढले ते तुला कळलेलं बरं. त्यांच्या तरुणपणी 1917 ची धर्मसंहिता लागू होती. त्यात कॅथलिक आणि बिगर-कॅथलिक यांचं लग्न, परवानगी मिळाली तरी, चर्चच्या इमारतीबाहेर लावावं असा दंडक होता, सूट मिळाली तर गोष्ट वेगळी. मुलगा जे डोळ्यांनी बघतो ते त्याच्या अंगात मुरतं. बाजूच्या खोलीत, घाईघाईने, मिस्सेशिवाय लागलेली लग्नं. अशा लग्नाची लाज वाटायला त्या पिढीला शिकवलेलं होतं. 1970 मध्ये पोप सहावे पॉल यांनी नियम बरेच सैल केले, 1983 मध्ये नवी संहिता आली. तुझं लग्न झालं तोवर अंतर खूप कमी झालं होतं. पण तू चर्चला विचारलंच नाहीस, थेट नोंदणी केलीस, म्हणजे त्यांच्या लेखी ते लग्नच नव्हतं. ते चुकले असं मला वाटतं. मुलीच्या लग्नाला बापाने जायला हवं होतं, निदान दाराशी तरी. पण ते आले नाहीत ते दुष्टपणामुळे, असं मला वाटत नाही. भीतीमुळे आले नसतील. तुझ्या आत्म्यासाठी घाबरले असतील, हसू नकोस, त्यांना ती भीती खरीखुरी वाटत असणार. तुला क्षमा करायला मी सांगत नाही. ते तुझं तू बघ, तिसाव्या दिवसाची त्याला मुदत नाही.

थोडं व्यवहाराचं. फादरांना आधी विचार, कारण प्रत्येक चर्चमध्ये पद्धत वेगळी असते. काही ठिकाणी मिस्सेत कोणी बोललेलं चालत नाही, आदल्या संध्याकाळच्या प्रार्थनेत किंवा मिस्सेनंतर बाहेर जमल्यावर बोलतात, आणि खरं सांगायचं तर तिथे जास्त मोकळं बोलता येतं. मिस्सेतच बोलायचं असेल तर ख्रिस्तप्रसादानंतरची प्रार्थना झाली की शेवटच्या आशीर्वादाआधी. बायबल वाचतात त्या मंचावरून नको म्हणाले तर मन खट्टू करून घेऊ नकोस, ती जागा वाचनासाठी राखलेली असते. चारशे शब्द पुरे, त्याला चार मिनिटं लागतात आणि रडू आलं तर सहा. मोठ्या अक्षरात छापून घे. एक प्रत दुसऱ्या कोणाकडे दे, तू अडलीस तर पुढे वाचायला. ती प्रत भावाला दे. आधी वाचायलाही त्यालाच दे, आणि सांग की एक वाक्य तू काढू शकतोस. एकच. बघ, तो बटण काढत नाही. ते हातात धरून बाबा बसलेले त्यानेही हजारदा पाहिलेत.

आता वही.

तुझ्या मुलाचा कान फार चांगला आहे. ते लॅटिन आहे: "आद देऊम क्वी लेतिफिकात युवेन्तूतेम मेआम." अर्थ असा की माझ्या तारुण्याला आनंद देणाऱ्या देवाकडे. जुन्या लॅटिन मिस्सेच्या अगदी सुरुवातीला, फादर वेदीच्या पायऱ्यांखाली उभे असताना, त्यांचं आणि वेदीसेवक मुलांचं, म्हणजे मिस्सेत त्यांना मदत करणाऱ्या पोरांचं, बोलणं व्हायचं. एका स्तोत्रातली ओळ फादर म्हणायचे आणि पुढची ओळ मुलांनी म्हणायची. हे मुलांचं पहिलं उत्तर. वेदीसेवक होऊ पाहणाऱ्या पोराला सगळ्यात आधी घोकावं लागायचं ते हेच, अर्थ कळो न कळो. 1960 च्या दशकात मिस्सेत बदल झाले, ती लोकांच्या भाषेत आली आणि हा संवाद गेला. तेव्हापासून चर्चमध्ये तुमच्यापैकी कोणाच्या कानावर तो पडला नाही, म्हणून कोणाला कळला नाही.

बाबा 84 वर्षांचे होते, म्हणजे 1950 च्या सुमाराला ते तुझ्या मुलाएवढे असणार. पांढरा झगा घालून, रिकाम्या पोटी, पहाटेच्या मिस्सेत पायरीवर गुडघे टेकून बसलेला नऊ-दहा वर्षांचा पोरगा. त्याने कधी तुम्हाला सांगितलं नाही की मी वेदीसेवक होतो? जुन्या नातेवाइकांना विचार, कोणाला तरी आठवत असेल. शेवटच्या आठवड्यात ते त्या पायरीवर जाऊन बसले होते. फादरांचं वाक्य त्यांना कुठून तरी ऐकू येत होतं आणि ते आपलं उत्तर देत होते, पुन्हा पुन्हा, कारण समोरून पुढची ओळ येत नव्हती.

हे चार मिनिटांच्या भाषणात घालू नकोस. मुलाला सांग. त्याने तुला विचारलं नसेल तर विचारेलच, आजोबा चांगले होते का, तुमचं भांडण का झालं होतं. त्याचं उत्तर त्याच्या वयाला झेपेल एवढं दे, पण खरं दे. आणि ते देऊन झालं की ही वही काढा. कबरीपाशी जाल तेव्हा, किंवा घरीच, दोघंच असताना. पहिली ओळ फादरांची आहे, ती तू नुसती वाचून दे, शाळेच्या नाटकात बाजूला उभं राहून आपण मुलांना वाक्य सुचवतो तशी. "इंत्रोइबो आद अल्तारे देई." देवाच्या वेदीपाशी मी जाईन.

पुढचं त्याला येतं.